हलणाऱ्या दाताला दोरा बांधण्याआधी

वाचक मातेचे पत्र:

'आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान गावात राहतो. माझी धाकटी मुलगी साडेसहा वर्षांची असून जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीत आहे. दिवाळीच्या सुमारास तिचा खालचा पहिला दात हलू लागला. तेव्हा तिच्या आबाजींनी "नुसतं पाहतो" असे म्हणून दाताला दोरा बांधला आणि एका झटक्यात तो ओढून काढला. रक्त पाहून ती इतकी घाबरली की "माय व, माहे सारेच दात पडतीन का? मंग म्या मरीन का?" असे रात्रभर विचारत राहिली. आता शेजारचा दात हलतो आहे आणि त्याच्या मागून नवा दात डोकावतो आहे. पण ती कोणालाही तोंडात पाहू देत नाही, ब्रश लावू देत नाही आणि भाकर खात नाही. शाळेत मुले "बोळकी" म्हणून चिडवतात, म्हणून शाळेतही जायचे नाही म्हणते. तिच्या मागच्या एका दाढेला काळी कीड लागली आहे. सासूबाई म्हणतात की दुधाची दाढ पडणारच आहे, तिच्यावर पैसे कशाला घालायचे. आमच्याकडे पडलेला दात छपराच्या कवेलूवर टाकायची रीत आहे, पण आता घराला स्लॅब आहे, आणि मुलीने मोबाइलवर पाहिले की उशीखाली दात ठेवला की परी पैसे ठेवते. थोरल्या नऊ वर्षांच्या मुलाचे नवे दात मोठे, फटीचे आणि तपकिरी चट्ट्यांचे आले आहेत, तेही बरोबर आहे का ते कळत नाही. सध्या कापूस वेचणीचे दिवस आहेत, मी सकाळी सातलाच घर सोडते. काय करावे?'

प्रिय ताई,

तुमच्या सगळ्या प्रश्नांकडे मी येणार आहे; परंतु सर्वांत आधी उत्तर द्यायला हवे ते तुमच्या लेकीने त्या रात्री विचारलेल्या प्रश्नाला. 'मंग म्या मरीन का' हा प्रश्न मोठ्या माणसांना भाबडा वाटतो आणि घरातले लोक तो हसून सोडून देतात. तिच्या जागी बसून पाहिले तर तो अगदी सरळ विचारातून आलेला आहे. ज्यांच्या तोंडात दात नाहीत अशी जी माणसे तिने आजवर पाहिली, ती बहुतेक म्हातारी आहेत; त्यांचे गेलेले दात परत आलेले तिने कधी पाहिले नाहीत; आणि त्यांतले कोणी वारलेलेही तिला आठवत असेल. स्वतःच्या अंगाचा एक तुकडा रक्तासह बाहेर आल्यावर तिने या गोष्टी एकमेकींना जोडल्या. म्हणून 'काही होत नाही, उगी राहा' एवढ्याने तिची भीती जाणार नाही. खरे काय घडते आहे ते तिला सांगावे लागेल, आणि साडेसहा वर्षांच्या मुलीला ते नीट कळते, हा माझा अनुभव आहे.

तिला सांगा की पहिल्यांदा येणारे वीस दात लहान तोंडाच्या मापाचे असतात. ती वाढते तसा तिचा जबडा वाढतो, पण एकदा बाहेर आलेला दात वाढत नाही, म्हणून मोठ्या तोंडासाठी मोठे दात लागतात. ते दात ती तुमच्या मांडीवर दूध पीत होती तेव्हापासूनच जबड्याच्या हाडात तयार होत आले आहेत. तुमच्या घरी कापूस होतो, त्यामुळे सरकीचे उदाहरण तिला लगेच पटेल. टोबलेली सरकी कोंब धरते, वरची माती उचलते आणि बाहेर येताना डोक्यावरचे टरफल टाकून देते, हे तिने बांधावर उभे राहून पाहिले असेल. टरफल पडले म्हणून झाड मेले असे कोणी म्हणत नाही. पक्का दातही असाच खालून वर सरकतो आणि त्याच्या वाटेत असलेल्या दुधाच्या दाताचे मूळ शरीर स्वतःच हळूहळू विरघळवून टाकते. मुळाचा आधार गेला की दात हलू लागतो, आणि हिरडीला चिकटलेला शेवटचा धागा सुटला की पडतो. आपणहून पडलेला दात तळहातावर उलटा करून पाहिला तर खालून तो पोकळ दिसतो आणि त्याला मूळ जवळजवळ उरलेले नसते. पुढचा दात पडेल तेव्हा तिला हे स्वतः पाहू द्या.

'सारेच दात पडतीन का' याचे उत्तर 'हो' असेच द्यावे, कारण ते खरे आहे. त्याचबरोबर ते किती सावकाश घडते हेही सांगावे. खालचे मधले दोन दात साधारण सहाव्या वर्षी पडतात. एखाद्या मुलाचे पाचव्या वर्षी, एखाद्याचे सातव्या वर्षी पडले तरी काळजी नसते. त्यानंतर वरचे मधले दोन आणि मग त्यांच्या शेजारचे दात आठव्या वर्षापर्यंत पडतात. पुढे वर्ष-दीड वर्ष काहीच पडत नाही, आणि सुळे व दाढा नवव्या ते बाराव्या वर्षाच्या दरम्यान जातात. म्हणजे हे काम सहा वर्षे चालते आणि तिचे तोंड एकदम रिकामे कधीच होत नाही. (चौथ्या वर्षाच्या आतच, मार न लागता एखादा दात पडला, किंवा आठवे वर्ष उलटूनही एकही दात हलला नाही, तर मात्र डॉक्टरांना दाखवावे.)

आता आबाजींविषयी. त्यांना दोष देऊ नका, कारण त्यांचे स्वतःचे दातही बहुधा असेच निघाले असतील आणि नातीचा त्रास लवकर संपावा एवढेच त्यांच्या मनात असणार. तरीही त्या दिवशी एक चूक झाली, आणि दोऱ्याइतकीच ती चूक 'नुसतं पाहतो' या शब्दांची आहे. मी हे अधिकाराने लिहिते, कारण दातांची डॉक्टर म्हणून नोकरीला लागले त्या सुरुवातीच्या काळात मीही हेच केले आहे. सात वर्षांच्या एका मुलाला 'नुसतं पाहते' म्हणून तोंड उघडायला लावले आणि हलणारा दात चिमट्याने काढून टाकला. आई खूश झाली, आणि काम चांगले झाले असे मलाही वाटले. दोन वर्षांनी तोच मुलगा गाल सुजलेला आणि तापाने फणफणलेला असा वडिलांच्या खांद्यावर आला. त्याच्या पक्क्या दाढेला कीड लागून मुळाशी पू झाला होता. दुखणे कित्येक महिन्यांचे होते, पण सांगितले तर पुन्हा त्या बाईंकडे नेतील या भीतीने त्याने ते घरी सांगितलेच नव्हते. ती दाढ मला वाचवता आली नाही. जन्मभर टिकायची दाढ नवव्या वर्षी गेली, आणि त्यामागे मी दोन वर्षांपूर्वी बोललेले एक खोटे वाक्य होते, हे मी विसरू शकत नाही.

म्हणून तुम्हाला माझा पहिला सल्ला असा आहे की हा दुसरा दात पूर्णपणे तिच्या स्वाधीन करा. आबाजींनी तिला जवळ घेऊन 'त्या दिवशी म्या तुले न सांगता दात ओढला, आता तुह्या दाताले तुह्या इचाराशिवाय कोणी हात लावणार नाही' एवढे म्हटले, तर निम्मे काम होईल. घरातल्या मोठ्या माणसाने असे बोलणे लहान मुलाच्या मनात फार खोलवर जाते. त्यानंतर तो शब्द घरातल्या प्रत्येकाने पाळायचा, पाहुण्यांनीही.

दात हलवायचा कसा, हे तिला शिकवता येते. साबणाने हात धुऊन, जेवणानंतर आरशासमोर उभे राहून तिने जिभेने किंवा बोटाने दात पुढे-मागे सावकाश हलवावा आणि दुखले की थांबावे. दुखणे याचा अर्थ एवढाच की मूळ अजून शिल्लक आहे आणि दात तयार झालेला नाही. रोज असे केल्यावर काही दिवसांनी दात अगदी आडवा पडू लागेल आणि एका बाजूने हिरडीला नुसता लोंबकळेल. त्या वेळी तिची तयारी असेल तर तिने स्वतः स्वच्छ ओल्या फडक्यात दात धरून हलकेच पिळावा. मूळ शिल्लक असताना दोरा बांधून ओढला तर हिरडी फाटते, रक्त जास्त जाते आणि कधी मुळाचा तुकडा आत राहतो. जेवताना दात गिळला गेला तर घाबरू नका, तो शौचावाटे निघून जातो. मात्र त्याच वेळी ठसका लागून खोकला थांबेना किंवा श्वास अडखळू लागला, तर ताबडतोब दवाखाना गाठावा.

दात पडल्यावर थोडे रक्त येणारच, आणि लाळेत मिसळल्यामुळे ते आहे त्यापेक्षा पुष्कळ दिसते, हेही तिला आधीच सांगून ठेवा. धुतलेल्या सुती कापडाची लहान घडी करून ती जागेवर ठेवावी आणि दहा-पंधरा मिनिटे घट्ट चावून धरायला सांगावे. दर मिनिटाला काढून पाहू नये. या दिवसांत तुमच्या घरी वेचलेल्या कापसाचा ढीग असेल आणि घाईत हात तिकडे जाईल. तो कापूस मात्र तोंडात घालू नका, कारण उभ्या पिकावर फवारण्या झालेल्या असतात आणि त्याचे तंतूही जखमेत चिकटून राहतात. तंबाखू, मशेरी, गुडाखू किंवा खर्ऱ्याची चिमूट हिरडीला लावण्याचा सल्ला कोणी दिला तर तो कोणाच्याही तोंडून आलेला असला तरी मानू नका. लहान मुलाच्या हिरडीतून तंबाखूचे विष थेट रक्तात जाते आणि चवही तिथेच लागते. पहिल्या दिवशी जोरात चुळा भरू नयेत आणि थुंकत बसू नये. कापड दोन-तीनदा चावून धरूनही रक्त थांबत नसेल, किंवा एरवीही तिच्या अंगावर किरकोळ मारानेही निळे-काळे डाग उठत असतील, तर दवाखान्यात जावे. आपल्या भागात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण पुष्कळ आहेत. घरात कोणाला तो आजार असेल आणि मुलीची तपासणी झालेली नसेल तर ती करून घ्यावी, आणि आजार असल्यास दात काढण्याआधी डॉक्टरांना तो आवर्जून सांगावा.

मागून डोकावणाऱ्या दाताविषयी तुम्ही निर्धास्त राहा. खालचे पक्के पुढचे दात पुष्कळ मुलांमध्ये दुधाच्या दातांच्या मागून येतात आणि काही दिवस दोन रांगा दिसतात. दुधाचा दात पडला की जीभ नव्या दाताला हळूहळू पुढे ढकलते आणि तो बहुतेक वेळा आपल्या जागी येतो. तुमच्या लेकीचा दात हलतो आहे, म्हणजे काम सुरू आहे. नवा दात बराच वर आला आणि तरीही महिना-दोन महिन्यांत जुना दात अधिक सैल झाला नाही, तरच तो डॉक्टरांकडून काढून घ्यावा लागेल. नव्या दाताची कड करवतीसारखी दातेरी दिसली किंवा तो शेजारच्या दुधाच्या दातांपेक्षा पिवळसर दिसला तरी तो खराब आहे असे समजू नका. पक्के दात मुळातच दुधाच्या दातांइतके पांढरेशुभ्र नसतात, आणि दातेरी कड चावून चावून पुढे सपाट होते.

ती भाकर खात नसेल तर चार-आठ दिवस भाकर वरणात कुस्करून द्या. ज्वारीच्या कण्या, मऊ खिचडी आणि केळी आहेतच. दात पडल्याच्या दिवशी संत्री आणि तिखट टाळावे, कारण ते जखमेला झोंबते. एरवी दुसऱ्या बाजूच्या दाढांनी तिला नेहमीचे जेवण चावू द्यावे.

ब्रशचे मात्र मी एवढ्या सहज सोडणार नाही. तुम्ही सातला निघता, त्यामुळे सकाळचा ब्रश घाईचा होणार हे मी गृहीत धरते आणि त्याबद्दल तुम्हाला बोल लावत नाही. रात्रीचा ब्रश पक्का करा, आणि तो तुम्ही स्वतःच्या हाताने करा. सात-आठ वर्षांपर्यंत मुलांचा हात मागच्या दाढांपर्यंत नीट पोहोचत नाही. तिला मांडीवर डोके ठेवून निजवा, मऊ केसांच्या लहान ब्रशवर वाटाण्याएवढी पेस्ट घ्या आणि आधी तिला न दुखणाऱ्या बाजूने सुरुवात करा. हलणाऱ्या दाताजवळ आलात की ब्रश तिच्या हातात द्या, तेवढा भाग ती करील. पेस्ट थुंकायची, गिळायची नाही. राखुंडीने दातांवरचे आवरण झिजते आणि कडुनिंबाची काडी कोवळ्या हिरडीला टोचते, म्हणून सध्या दोन्ही बाजूला ठेवा.

आता त्या काळ्या दाढेकडे येते, आणि येथे तुमच्या सासूबाईंचे म्हणणे मला पूर्णपणे खोडून काढावे लागणार आहे. दुधाची दाढ पडणार आहे हे खरे; पण कधी? पुढची दुधाची दाढ नवव्या ते अकराव्या वर्षी आणि मागची दहाव्या ते बाराव्या वर्षी पडते. म्हणजे तुमच्या लेकीला ही दाढ अजून साधारण तीन ते पाच वर्षे जेवणासाठी लागणार आहे. एवढ्या काळात कीड आतल्या नसेपर्यंत पोहोचली तर रात्री-अपरात्री ठणका लागतो, हिरडीवर पुळी येते, गाल सुजतो, आणि मुळाशी साचलेला पू खाली तयार होत असलेल्या पक्क्या दातालाही इजा करू शकतो. दाढ वेळेआधी काढावी लागली तर तिची रिकामी जागा रिकामी राहत नाही. मागचा दात पुढे सरकतो, पक्क्या दाताची वाट अडते आणि तो वाकडा येतो किंवा आतच अडकून राहतो. अशा वेळी जागा राखण्यासाठी तारेची कडी बसवावी लागते. त्यापेक्षा आज कीड साफ करून दाढ भरून घेणे कमी दुखण्याचे आणि कमी खर्चाचे आहे.

या दाढेइतकीच महत्त्वाची आणखी एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण मला ती सांगितलीच पाहिजे. साधारण सहाव्या वर्षी, दुधाच्या सगळ्या दाढांच्या मागे, वर-खाली दोन्ही बाजूंना एकेक अशा चार नव्या दाढा येतात. त्या येण्यासाठी काहीच पडत नाही, म्हणून घरात कोणाचे लक्ष जात नाही, आणि दिसल्या तरी त्या दुधाच्याच समजल्या जातात. त्या पक्क्या दाढा आहेत आणि त्या पुन्हा कधीही येणार नाहीत. सारे घर पुढच्या हलणाऱ्या दाताभोवती जमलेले असते, तेव्हा मागे ही दाढ मुकाट्याने उगवते आणि तिच्या खोल खाचांत साखर अडकून ती वर्ष-दोन वर्षांत किडते. मी काढलेल्या मुलांच्या दाढांपैकी बहुतेक याच होत्या. म्हणून दिवसा उजेडात लेकीच्या तोंडात पाहा आणि मध्यरेषेपासून मागे, पडलेल्या दाताची जागाही धरून, मोजत जा. सहावा दात दिसला तर तो हाच. डॉक्टर या दाढेच्या खाचा औषधी लेपाने बुजवून देऊ शकतात आणि त्याला सुई लागत नाही. तुम्ही शेतात असताना मुले चहात बिस्किटे बुडवून खातात, दुकानातून पाच रुपयांची पुडी किंवा गोळ्या आणतात, हे बहुतेक घरांत चालते. गोड किती खाल्ले यापेक्षा ते दिवसातून किती वेळा खाल्ले यावर कीड जास्त अवलंबून असते. गोड द्यायचेच तर जेवणाबरोबर द्या आणि मधल्या वेळेसाठी फुटाणे, शेंगदाणे किंवा पेरू डब्यात ठेवून जा.

थोरल्या मुलाच्या दातांमधली फट ही त्या वयाची आहे. वरच्या पुढच्या दातांत आठव्या ते अकराव्या वर्षी अशी फट दिसते, दात थोडे पंख्यासारखे पसरतात, आणि वरचे सुळे उतरल्यावर बहुतेकांची फट आपोआप मिटते. तेव्हा बाराव्या वर्षापर्यंत थांबावे. तपकिरी चट्टे मात्र मला वेगळे वाटतात. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील अनेक गावांत बोअरच्या पाण्यात खडकातून आलेले फ्लोराइड जास्त असते, आणि पक्के दात जबड्यात तयार होत असताना, म्हणजे सुमारे आठव्या वर्षापर्यंत, असे पाणी पोटात गेले तर त्यांच्या आवरणावर पांढरे किंवा तपकिरी पट्टे उमटतात. गावातल्या त्याच्या वयाच्या इतर मुलांचे दातही तसेच असतील तर कारण पाणीच असण्याची शक्यता मोठी आहे. हा मळ नव्हे. राखुंडीने, लिंबाने किंवा मिठाने घासून तो जाणार नाही, उलट दात झिजतील, आणि मुलगा दात घासत नाही असा ठपकाही त्याच्यावर ठेवू नये. डाग कमी दिसावेत यासाठी पुढे उपचार करता येतात. आज करायचे काम पाण्याचे आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड असावे, आणि दुसरा स्रोत नसेल तर फार तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला सांगून तुमच्या बोअरचा आणि गावातल्या विहिरीचा, असे दोन्ही नमुने तपासून घ्या आणि पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी ज्याचे प्रमाण योग्य येईल तेच पाणी आणा. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही. पाणी आटते आणि प्रमाण उलट वाढते. तुमच्या लेकीच्या मागच्या काही पक्क्या दातांचे आवरण अजून तयार होत आहे, म्हणून तिच्यासाठी हे लवकर करणे उपयोगाचे आहे. हा मुलगा खेळताना पडून त्याचा पक्का दात मुळासकट निघून आला, तर तो मुळाला हात न लावता वरच्या बाजूने धरावा, माती लागली असल्यास दुधात हलकेच बुचकळून शक्य तर त्याच खाचेत बसवावा किंवा कपभर दुधात ठेवावा, आणि तासाभराच्या आत डॉक्टर गाठावा. दुधाचा दात असा निघाला तर तो परत बसवायचा नसतो.

परी आणि कवेलू यांचा प्रश्न मला फार आवडला. 'उंदीरमामा, माझा दात तू घे, तुझा दात मला दे' असे म्हणून दात छपरावर किंवा उंदराच्या बिळाशी टाकायची आपली रीत मी लहानपणी पाळली आहे. त्या मागण्यामागे नीट पाहिलेली गोष्ट आहे: उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, म्हणून तर तो सदा काहीतरी कुरतडत असतो. असा दात मागणारी माणसे जगात आपण एकटीच नाही. स्पेनमध्ये उशीखालचा दात न्यायला पेरेझ नावाचा उंदीर येतो. १८९४ च्या सुमारास तिथल्या आठ वर्षांच्या राजाचा दात पडला, तेव्हा त्याच्यासाठी त्या उंदराची गोष्ट लिहिली गेली. राजाचेही दात पडतात हे ऐकून तुमच्या लेकीला बरे वाटेल. स्लॅबची अडचण मोठी नाही. गुरांच्या कोठ्यावर टिन किंवा कवेलू असतील, शेजारच्या आजींचे घर जुने असेल, नाहीतर तुळशीच्या बुडाशी माती आहे. पैसे ठेवू नयेत असे माझे मत आहे, कारण मग पैशासाठी कच्चा दात ओढण्याची घाई होते आणि वर्गातल्या दुसऱ्या घरांवरही त्याचा भार येतो. पण तिला दात डबीत जपून ठेवायचा असेल तर ठेवू द्या. दात कुठे जाणार हे तिने ठरवले, की तो तिच्याकडून हिसकावलेला राहत नाही. दिवाळीतला पहिला दात कुणी ठेवला असेल तर तोही तिच्या हाती द्या.

शाळेचा प्रश्न बाईंना किंवा गुरुजींना भेटून सोडवावा. पहिली-दुसरीच्या वर्गात असा एकही महिना जात नाही की कोणाचा दात पडलेला नाही. बाईंनी भिंतीवर कागद लावून ज्याचा दात पडेल त्याच्या नावापुढे खूण करायला सांगितली, तर चिडवणाऱ्या मुलांची नावेही थोड्याच दिवसांत त्यावर येतील. 'स'चा उच्चार काही दिवस फुसफुसता होईल, तेव्हा त्याची नक्कल घरात कोणी करू नये.

राहिली गोष्ट डॉक्टरांकडे जाण्याची. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला आणि त्याचे पथक वर्षातून एकदा शाळेत तपासणीला येते. दातांची तपासणीही त्यात होते आणि गरज असल्यास मुलाला पुढच्या रुग्णालयात पाठवतात. शाळेत तारीख विचारून ठेवा. पथक लांबणार असेल तर थांबू नका. तालुक्याच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात दातांचे डॉक्टर कोणत्या दिवशी बसतात ते आशाताईंकडून विचारून घ्या आणि मजुरीचा एक खाडा त्यासाठी धरा. मोठा उपचार लागलाच तर नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालयात लहान मुलांच्या दातांचा स्वतंत्र विभाग आहे. गालावर सूज आणि ताप असेल तर मात्र तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी जावे.

जाण्याआधी तिला जेवू घाला. 'दुखणार नाही' असे वचन देऊ नका, कारण ते पाळणे तुमच्या हातात नाही; 'आज डॉक्टर तुझी काळी दाढ पाहतील, आणि काय करायचे ते आधी तुला सांगतील' एवढे सांगा. आत गेल्यावर तिच्या त्या दिवाळीच्या अनुभवाविषयी डॉक्टरांना तिच्यासमोरच सांगा आणि एक खूण ठरवून घ्या: तिने डावा हात वर केला की डॉक्टर हात थांबवतील. पहिल्याच भेटीत ती तीन-चारदा उगाच हात वर करून पाहील. तिला करू द्या, आणि डॉक्टर प्रत्येक वेळी थांबतात ना, याकडे लक्ष ठेवा.